रेडिओथेरपीचा बारीक किरण: डोस मोजताना मोठा डिटेक्टर का फसवतो?

रेडिओथेरपी म्हणजे जास्त ऊर्जेच्या किरणांनी कॅन्सरच्या पेशी मारणं. शरीरात किती ऊर्जा शोषली गेली हे 'ग्रे' या एककात मोजतात. १ किलो वस्तुमानात १ ज्यूल ऊर्जा शोषली गेली की १ ग्रे. मेंदूतल्या छोट्या गाठीसाठी हा किरण खूप अरुंद करावा लागतो. गॅमा नाइफ मशीनमध्ये तो ४ मिलिमीटरपर्यंत खाली येतो.

आमच्या मालवणकडचे पेशंट अशा उपचारासाठी मुंबईसारखं मोठं शहर गाठतात. तिथे मशीन दिसतं, डॉक्टर भेटतात. पण डोस आधी कोणीतरी मोजलेला असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. इनपुट चुकलं की बरोबर चालणारं सॉफ्टवेअरही चुकीचंच उत्तर देतं.

नेहमीची मोजणी कशी होते?

हे काम मेडिकल फिजिसिस्ट करतात. शरीरात बहुतांश पाणीच असतं, म्हणून पाण्याच्या टाकीत डिटेक्टर ठेवून किरण सोडतात. नेहमीचं फील्ड १० × १० सेंटिमीटरचं असतं आणि डिटेक्टर ०.६ घन सेंटिमीटरचा आयन चेंबर. त्याची हवेची पोकळी साधारण २४ मिलिमीटर लांब असते. मोठ्या फील्डला हे उत्तम चालतं. मग लहान फील्डमध्ये त्या तुलनेत किती डोस मिळतो, तो आकडा मोजतात. त्याला आउटपुट फॅक्टर म्हणतात. हे सगळे आकडे प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये जातात.

किरण बारीक झाला की काय बिघडतं?

१. सरासरीचा घोळ. पावसात कौलांवरून पडणाऱ्या पागोळीखाली परात ठेवा. पाणी अख्ख्या परातीत पसरतं. परातीतल्या पाण्याच्या उंचीवरून धारेचा जोर ठरवलात तर तो कमीच येणार. ६ मिलिमीटरच्या किरणात २४ मिलिमीटरचा चेंबर ठेवला की हेच होतं.

२. इलेक्ट्रॉनची गळती. किरण पाण्यातले इलेक्ट्रॉन उडवतात आणि ते बाजूला काही मिलिमीटर जातात. मोठ्या फील्डमध्ये मधून जितके बाहेर जातात, तितकेच शेजारून आत येतात. बारीक किरणात शेजार उरतच नाही, त्यामुळे मधला डोस खरोखरच कमी होतो. शिवाय डिटेक्टरची घनता पाण्यापेक्षा वेगळी असेल तर रीडिंग आणखी भरकटतं.

३. अर्धवट झाकलेला स्रोत. किरण जिथून निघतात तो ठिपकाही शून्य आकाराचा नसतो. फट फार अरुंद केली की त्याचा काही भाग झाकला जातो.

याचा फटका कसा बसतो?

समजा खरा डोस ३ आहे आणि डिटेक्टर २ दाखवतो. सॉफ्टवेअरला वाटतं, मशीन कमी देतंय. मग ते किरण दीडपट वेळ चालू ठेवायला सांगतं. म्हणजे रीडिंग कमी आलं की पेशंटला डोस जास्त जातो.

हे प्रत्यक्षात घडलंय. फ्रान्समधल्या तुलूझ इथे २००६-०७ मध्ये १४५ पेशंटना चुकीचा डोस मिळाला. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये २००४ ते २००९ या काळात ७६ जणांना सुमारे ५० टक्के जादा डोस गेला. दोन्हीकडे कारण एकच होतं: बारीक फील्ड मोजायला नको तेवढा मोठा चेंबर वापरला गेला. मशीन बिघडलं नव्हतं, म्हणून धोक्याची घंटाही वाजली नाही.

मग उपाय काय?

- लहान डिटेक्टर. सिलिकॉन डायोड, कृत्रिम हिऱ्याचा डिटेक्टर आणि रेडिओक्रोमिक फिल्म. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही सिलिकॉनचाच असतो. पण सिलिकॉन पाण्यापेक्षा घन असल्याने अगदी बारीक फील्डमध्ये डायोड उलट जास्त रीडिंग देतो.
- करेक्शन फॅक्टर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २०१७ मध्ये टीआरएस-४८३ ही नियमावली काढली. कोणत्या डिटेक्टरच्या रीडिंगला किती फील्डसाठी कितीने गुणायचं, याचे तक्ते त्यात आहेत.
- दोन-तीन प्रकारांनी मोजणं. वेगवेगळ्या डिटेक्टरची दुरुस्त केलेली उत्तरं जुळली तरच आकडा स्वीकारायचा.
- नीट मध्यावर बसवणं. इथे अर्धा मिलिमीटर सरकलं तरी फरक पडतो.

आपल्याकडे डिटेक्टरचं कॅलिब्रेशन ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मानकांशी जोडलेलं असतं आणि किरणोत्सर्गाच्या सुरक्षेवर अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची देखरेख असते.

घरच्या माणसासाठी काय विचाराल?

'रेडिओसर्जरीचे छोटे फील्ड कोणत्या डिटेक्टरने मोजलेत?' आणि 'बाहेरच्या कोणी स्वतंत्रपणे तपासलेत का?' हे दोन प्रश्न फिजिसिस्टना बिनधास्त विचारा. उत्तरातला प्रत्येक शब्द कळला नाही तरी चालेल, प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे. आणि भीतीपोटी उपचार मात्र टाळू नका. नीट मोजलेला बारीक किरण गाठीवर नेमका पडतो आणि आजूबाजूचा मेंदू वाचवतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप.