मापनपात्रे, रासायनिक
रासायनिक विश्लेषणात द्रवांचे आकारमान अचूकपणे मोजण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या काचेच्या अंशांकित पात्रांना ही संज्ञा लावतात. मापन चंबू, पिपेट, ब्यूरेट व अंशांकित नळकांडे हे त्यांचे मुख्य प्रकार होत. चंबूवरील खूण आत मावणाऱ्या, तर पिपेट व ब्यूरेट यांवरील खुणा बाहेर पडणाऱ्या द्रवाचे आकारमान दर्शवितात. आतून चिकटून राहणारा द्रव अंशांकन करतानाच विचारात घेतलेला असतो. म्हणून सामान्य पिपेटच्या टोकाशी उरलेला द्रव फुंकून बाहेर काढीत नाहीत.

इतिहास : या पात्रांचा उगम कापड धंद्याच्या गरजेतून झाला. विरंजनासाठी लागणाऱ्या द्रव्यांचा कस ठरविण्याकरिता फ्रान्समधील रूआं येथील रसायनज्ञ देक्र्वाझील यांनी अंशांकित नळ्या वापरल्या आणि १८०६ मध्ये व्यापारी क्षारांचा कस मोजणाऱ्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘पिपेट’ व ‘ब्यूरेट’ ही नावे गे-ल्युसॅक यांनी १८२४ मध्ये रूढ केली. जर्मन रसायनज्ञ मोर यांनी ब्यूरेटच्या खालच्या टोकास रबरी नळी व चिमटा जोडून थेंबाथेंबाने द्रव सोडण्याची सोय केली. अनुमापनावरील त्यांचा ग्रंथ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून पूर्वी सोडा काढीत असत. त्याच्या पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचे प्रमाण याच पद्धतीने काढतात.

महाराष्ट्रात तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये, तर कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना १९१६ मध्ये निघाला. कंदिलाच्या काचा व बाटल्या यांपेक्षा प्रयोगशाळेची काच वेगळी असावी लागते. तापमानाबरोबर अत्यल्प प्रसरण पावणारी बोरोसिलिकेट काच शॉट यांनी जर्मनीत तयार केली व १९१५ पासून ती अमेरिकेत ‘पायरेक्स’ नावाने विकली जाऊ लागली. मुंबईत १९६२ मध्ये स्थापन झालेल्या बोरोसिल कंपनीने अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या सहकार्याने अशा काचेचे उत्पादन भारतात सुरू केले.

तापमान : मापनपात्रावरील खूण एका ठराविक तापमानासच खरी असते. यूरोपात हे तापमान २०° से. मानतात. भारतातील हवामान लक्षात घेऊन भारतीय मानक संस्थेने २७° से. हे प्रमाण तापमान स्वीकारले. उष्ण प्रदेशांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांतही त्यास मान्यता आहे. हा फरक नाममात्र नाही. २७° से. ला चंबूत खुणेपर्यंत भरलेले एक लिटर पाणी ४०° से. ला सु. ४ मिलि. वाढते; बोरोसिलिकेट काचेच्या चंबूची धारकता मात्र सु. ०.१ मिलि.च वाढते. ब्यूरेटवर ०.१ मिलि.च्या खुणा असतात, हे ध्यानात घेता विदर्भातील उन्हाळ्यात विद्रावाच्या तापमानाची नोंद न ठेवता केलेले अनुमापन, पात्र कितीही निर्दोष असले, तरी विश्वसनीय ठरत नाही.