गडावरचे दप्तर, खिशातले दप्तर

लढाई संपली की पहिला प्रश्न उभा राहतो तो कारभाराचा. जमीन कुणाची, सारा कुणी भरायचा आणि तंटा झालाच तर कागद कुणाचा खरा मानायचा?

महाडकरांना याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी रायगडावर तोफा डागल्या. वाडा जळाला. 10 मे रोजी गड पडला आणि राज्य बदलले. खाली गावात मात्र सारा गोळा करणारा खोत तोच राहिला, कारण नव्या सरकारला हवी असलेली माहिती त्याच्याच दप्तरात होती. कूळ पिढ्यानपिढ्या जमीन कसायचे, पण बहुधा त्याच्या हाती कागद नसायचा. खोती रद्द करणारा कायदा झाला तो 1949 मध्ये.

दरम्यान महाड-पोलादपूरच्या डोंगरातली माणसे पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत गेली. जमीन गावी, माणूस मुंबईत आणि कागद तलाठ्याकडे. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी खाडा करून एसटीने गाव गाठायचे, आणि तलाठी भेटेलच याची खात्री नाही.

मे 2018 मध्ये डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. रायगड पडल्याला तेव्हा बरोबर दोनशे वर्षे झाली होती.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केली. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांशी गप्पा होतात, तेव्हा या बदलाबद्दल दोन मते ऐकू येतात. तरुण म्हणतात, खेप वाचली. वडीलधारे विचारतात, ‘आजोबा गेले, वारस नोंद झालीच नाही. मग मोबाइलवर तरी माझे नाव कुठून दिसणार?’ दोघांचेही खरे आहे.

2021 च्या ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणी राज्यभर आली. पिकाचा फोटो शेतात उभे राहून काढायचा. डोंबिवलीत राहणाऱ्याने तो कसा काढावा? म्हणजे गावातल्या भावाची गरज उरलीच. त्याआधी महिनाभर, 22 जुलैला महाड पुरात बुडाले, तेव्हा वीज गेली आणि फोनही मुके झाले.

म्हणून चाकरमान्यांना माझे सांगणे एवढेच, की यंदा गणपतीला याल तेव्हा वारस नोंदीचे काम उरकून घ्या, आणि तीत बहिणींची नावे गाळू नका. 1818 नंतर दप्तर खोताच्या हाती होते, म्हणून शब्दही त्याचाच चालला. आज ते सगळ्यांना दिसते. त्यात आपले नाव आहे ना, हे पाहण्याचे काम आपले आहे.