सयामी जुळी

शरीराच्या एखाद्या भागात एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत जन्मणारी एकबीज जुळी. साधारणतः ५०,००० ते १,००,००० जन्मांमागे असा एक जन्म होतो. फलित अंड्याचे विभाजन तेराव्या दिवसानंतर सुरू होऊन अपुरे राहिल्याने ती निर्माण होतात, असे सामान्यतः मानले जाते. त्यांत मुलींचे प्रमाण अधिक असते. छातीशी किंवा पोटाशी जोडलेली जुळी सर्वाधिक, तर डोक्याशी जोडलेली अत्यंत विरळ आढळतात. अनेक जुळी मृतावस्थेत जन्मतात किंवा जन्मानंतर लवकरच दगावतात.

निदान : पहिल्या तिमाहीच्या अखेरीस सोनोग्राफीत जुळी जोडलेली असल्याचे दिसू शकते. गर्भात गंभीर व्यंग असल्यास भारतात २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्यानुसार २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने गर्भपात करता येतो. गर्भ ठेवायचा असल्यास प्रसूती सिझेरियनने आणि बालशल्यचिकित्सेची सोय असलेल्या ठिकाणी व्हावी लागते. उदाहरणार्थ, अशी सोय मुंबईत मिळते. परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह शेजारी-शेजारी आहेत.

शस्त्रक्रिया : हृदय सामाईक असल्यास दोघांना वाचवणे बहुधा अशक्य असते. यकृत पुन्हा वाढते, म्हणून ते विभागता येते. रक्ताभिसरण जोडलेले असल्यास एकाला दिलेले औषध दुसऱ्यालाही लागू पडते. गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येकासाठी भूलतज्ज्ञांचे वेगळे पथक असते आणि नळ्या-तारांना वेगवेगळ्या रंगांच्या खुणा करतात. जखम झाकण्यासाठी त्वचेखाली फुगे बसवून त्वचा आधीच ताणून घेतली जाते. वाडिया बालरुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये यकृत, आतडे व मूत्राशय सामाईक असलेल्या सव्वा वर्षाच्या दोन मुलांना सुमारे बारा तासांच्या शस्त्रक्रियेने विलग करण्यात आले.

जीवन : विलगीकरणानंतरही मूत्रमार्ग, आतडी व हाडांवरील शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी वर्षानुवर्षे चालू राहू शकते. आईवडिलांनी सोडून दिलेल्या व २०१४ मध्ये वाडियात विलग केलेल्या दोन मुलींचे संगोपन पुढे काही वर्षे रुग्णालयानेच केले. काही जुळी जोडलेलीच राहतात. सयाममध्ये (आजच्या थायलंडमध्ये) १८११ साली जन्मलेले चँग व एंग बंकर अमेरिकेत शेती-संसार करून १८७४ मध्ये काही तासांच्या अंतराने वारले. अमृतसरच्या पिंगलवाडा संस्थेत वाढलेल्या अशाच दोन जोडलेल्या भावांनी पंजाबच्या २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत दोन स्वतंत्र मतदार म्हणून मतदान केले.