चादर, पडदा आणि रुग्णाची आंघोळ

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे स्पंजिंग करताना एका वेळी एकच हात किंवा पाय उघडा करावा, बाकीचे अंग चादरीखाली राहू द्यावे, हा नर्सिंगच्या शिक्षणातला सुरुवातीचा धडा. रुग्णाच्या आंघोळीचा माग काढत आपण थेट चरकसंहितेपर्यंत जाऊ शकतो. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी नेमायच्या परिचारकांमध्ये आंघोळ घालणारा ‘स्नापक’ वेगळा सांगितला आहे. बौद्ध संघाचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्षू भेटतो; बुद्ध पाणी ओततात, त्यांचा शिष्य आनंद अंग धुतो आणि दोघे मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवतात. माया येथे भरपूर आहे, आडोसा मात्र अजून आलेला नाही.

तो आला क्रिमियन युद्धातून, आणि तोही आंघोळीसाठी नव्हे. नोव्हेंबर 1854 मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या तेव्हा सैनिकांचे पाय वॉर्डातच, शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत कापले जात. उद्या ज्याची पाळी, त्याचा धीर सुटू नये म्हणून त्यांनी पडदा मिळवला. 1859 च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये अंग पुसताना एकदम फार त्वचा उघडी टाकू नये, असेही त्यांनी बजावले, पण कारण दिले ते घाम अडण्याचे! नियम तोच राहिला आणि त्यामागचे कारण पुढे बदलत गेले, ही गंमत मला फार मोलाची वाटते. 1886 मध्ये मुंबईत स्त्रियांसाठी कामा हॉस्पिटल उघडले, तेव्हा पाहणारे डोळे कोणाचे, हा प्रश्न डॉक्टर स्त्रियांच्या नेमणुकीतून सुटू लागला. उलट 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात गाठी शोधण्यासाठी लोकांना, बायकांनाही, उघडे केले जाते या तक्रारींनी शहर पेटले.

ऑस्ट्रेलियाच्या नर्सिंग-अभ्यासक जोसलिन लॉलर यांनी 1991 मध्ये ‘बिहाइंड द स्क्रीन्स’मध्ये पडद्याआडचे हे संकोचाचे काम अभ्यासाचा विषय म्हणून मांडले. 2004 मध्ये अमेरिकेतील नर्सिंग होममधल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आंघोळीला ओरडणारी, मारायला धावणारी ही माणसे, पण न धुवाव्या लागणाऱ्या साबणात भिजवलेल्या उबदार मोठ्या टॉवेलाखाली ठेवून अंग चोळले, तर त्यांचा आक्रमकपणा ठळकपणे घटला. आपल्याकडे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 च्या रुग्णहक्कांच्या सनदेत खासगीपणा आणि प्रतिष्ठा यांना हक्काचा दर्जा दिला. आता अडते ते साध्या मोजणीवर, वॉर्डातल्या खाटा किती आणि स्क्रीन किती. स्क्रीन नसेल तेथे सिस्टर नातेवाईक बाईलाच चादर ताणून धरायला सांगतात.