रानपिंगळ्याची हरवलेली नोंद

पिंगळा पक्ष्याची भाषा आपणांस कळते असे सांगत, पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. तो पक्षी म्हणजे आंब्याच्या ढोलीत किंवा पडक्या वाड्याच्या भिंतीत सहज भेटणारे लहानसे घुबड. त्याचा एक भाऊबंद मात्र रानात राहतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, चोच अधिक दणकट असते आणि भर दिवसाही तो उघड्या फांदीवर बसलेला दिसतो. हाच रानपिंगळा.

ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. तो नमुना आजच्या छत्तीसगडातील बसना परिसरातला होता. पुढे १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशातील शहादा-तळोदा भागातून आणखी काही नमुने मिळवले. त्यानंतर हा पक्षी जणू नाहीसाच झाला.

मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १८८६ पासून आपले नियतकालिक चालविले. पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी त्यातून जमत गेल्या. पक्षिमित्र मंडळांतही हळूहळू एक शिस्त रुजली. दुर्मीळ पक्षी दिसला असे म्हणणाऱ्याला तारीख, वेळ, ठिकाण, उजेड, अंतर आणि सोबत कोण होते, हे सारे विचारले जाते. त्याच्यासारखा दिसणारा नेहमीचा पक्षी तो नव्हता कशावरून, हा प्रश्नही चुकत नाही. नवख्याला ही उलटतपासणी अपमानकारक वाटते. तिची गरज किती खरी आहे, हे रानपिंगळ्याच्या बाबतीत कळून आले.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहॅगन हे ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षिशास्त्रातील मोठे नाव. सलीम अली यांनी १९३७ साली त्यांच्यासमवेत अफगाणिस्तानचा दौराही केला होता. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. ऑक्टोबर १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याची चिठ्ठी त्याला जोडलेली होती. १८८४ नंतरचा एवढाच पुरावा! साहजिकच पुढे ज्यांनी हा पक्षी शोधला, त्यांनी त्या चिठ्ठीवरही भिस्त ठेवली. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या हातीही काही लागले नाही. कोणाच्या वाट्याला साधा पिंगळाच आला.

या कर्नलसाहेबांच्या नोंदींविषयी १९९३ साली उघड शंका घेतली गेली. पुढे अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी मांडवीचा नमुना क्ष-किरणांखाली तपासला. पक्ष्याच्या कातड्यात कापूस भरून टाके घालण्याची प्रत्येकाची धाटणी वेगळी असते, हस्ताक्षरच ते. येथे नमुना उसवून पुन्हा शिवलेला होता आणि आत खुणा होत्या डेव्हिडसनच्या हाताच्या. संग्रहालयातून चोरलेल्या खानदेशी पक्ष्याला मांडवीची चिठ्ठी लावण्यात आली होती. एका प्रतिष्ठित माणसाच्या खोट्या ओळीने शोध दशकानुदशके चुकीच्या वाटेवर गेला, आणि तोवर खानदेशातील जंगल कमी होत राहिले.

मांडवी वगळल्यावर जुन्या खऱ्या ठिकाणांकडेच वळणे भाग होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. प्रथम पूर्वेकडील ठिकाणे पाहून झाली. निराशाच पदरी आली. मग ते शहाद्यास आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, ११३ वर्षांनंतर, रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. त्यांनी त्याचे चित्रण केले, डोक्यावरील ठिपके आणि शेपटीवरचे पट्टे ताडून पाहिले. केवळ ‘दिसला’ एवढ्यावर समाधान मानले नाही.

त्यानंतर सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ परिसरात त्याच्या सवयींचा अभ्यास केला. मेळघाटात त्याची चांगली वस्ती असल्याचे आढळले. २०१४ साली तर मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात तो दिसला. गुजरातेत डांगमधील पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली, आणि मांडवी तेथून फारशी दूर नाही. तरीही १९१४ ची ती चिठ्ठी खोटीच आहे. तिच्याखालचा पक्षी खानदेशातलाच.