पेल्यातला गाळ आणि पट्ट्यातली पुडी

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर मी जिते गावी गेलो होतो. पनवेल-रोहा मार्गावरचे, पेण तालुक्यातले हे लहानसे स्थानक. न्यायसहायक विज्ञान म्हणजे काय, हे शाळेतल्या मुलांना सांगायचे होते. मी इतिहासाचा शिक्षक, पण जुन्या खटल्यांचा नाद आहे म्हणून मला बोलावले.

आम्ही अंगणातल्या चिखलात चपलेचा एक ठसा उमटवला आणि भोवती दोरी बांधली. ठशाचा साचा प्लास्टरने घ्यायचा होता. मला वाटले, हे शिकवावे लागेल. पण हा गणपतींच्या कारखान्यांचा मुलूख. हमरापूर, जोहे इथली मुले प्लास्टर आणि साचे पाहतच मोठी होतात. पाणी किती, कालवायचे किती, सारे त्यांना ठाऊक. अर्ध्या तासाने साचा निघाला, तसा एक मुलगा ओरडला, "सर, चोर सापडला!"

मी म्हटले, "चोर नाही रे, चप्पल सापडली." आणि मग मुलांना बडोद्याची गोष्ट सांगितली.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेर सकाळी फिरून आले आणि नेहमीप्रमाणे पपनसाचे सरबत घेतले. दोन-तीन घोटांतच मळमळू लागले. त्यांनी उरलेले सरबत बाहेर ओतून दिले! आज कोणी असे केले, तर तपास करणारे कपाळावर हात मारतील. पण पेल्याच्या तळाशी थोडा गाळ उरला होता. डॉक्टर सिवर्ड यांनी तो तपासला आणि मुंबईला सरकारी रासायनिक पृथक्करणकार डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. ग्रे यांनी कळवले की, यात सोमल आहे आणि हिऱ्याची पूडही आहे.

इथवर विज्ञानाने आपले काम चोख केले. विष होते, याबद्दल शंका उरली नाही. पण ते घातले कोणी?

मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आले. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याने कबुली दिली आणि बोट दाखवले ते थेट महाराज मल्हारराव गायकवाडांकडे. डिसेंबरअखेर पोलीस अधिकारी अकबर अली याला रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी मिळाली. मात्र तो पट्टा तोवर दुसऱ्याच शिपायाकडे गेला होता. महाराजांचे वकील बॅलंटाइन यांनी नेमके इथेच बोट ठेवले. ही पुडी आधीपासून होती, की शोधणाऱ्यानेच ठेवली?

सहा जणांच्या आयोगापुढे १८७५ साली सुनावणी झाली. तिघा इंग्रजांना महाराज दोषी वाटले. जयपूरचे महाराज, ग्वाल्हेरचे शिंदे आणि सर दिनकरराव राजवाडे या तिघांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. तरीही एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केले गेले. सरकारने कारण दिले ते गैरकारभाराचे. त्यांच्या जागी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक आला. तेच पुढे सयाजीराव महाराज. पेल्यातल्या चिमूटभर गाळापासून निघालेले प्रकरण एका राज्याच्या गादीपर्यंत पोहोचले ते असे.

मंडळी, गाळावर वाद झाला नाही, पुडीवर झाला. सोमल दोन्हीकडे होता. मग फरक कुठे पडला? वस्तू कुठे होती, कोणाच्या हाती गेली, कोणासमोर उचलली, याचा हिशेब पुडीच्या बाबतीत लागत नव्हता. प्रयोगशाळा 'काय' ते सांगते. 'कोणी' हे ठरवायला हा हिशेब लागतो.

आज आपल्याकडे साधने पुष्कळ आहेत. मुंबईत कलिना येथे प्रयोगशाळा आहे, २००९ पासून या विषयाची स्वतंत्र शासकीय संस्थाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. पण तज्ज्ञ पोहोचण्याआधी तिथे पोहोचतो तो आपल्यासारखा माणूस. त्याने काही ओतून देऊ नये, उचलू नये, तुडवू नये, इतके जरी शाळेत शिकवले तरी पुष्कळ झाले.

निघताना तो मघाचा मुलगा साच्याच्या पाठीवर खिळ्याने काहीतरी कोरत होता. वाकून पाहिले. तारीख, वेळ, जागा, साचा घेणाऱ्याचे नाव. आणि खाली दोन साक्षीदारांची नावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)