पहिलं कोण, की ऐकलं कोणी?

"अ‍ॅसिड हाऊस हे संगीत शिकागोच्या आधी मुंबईत जन्मलं" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. ऐकायला छान वाटतं, छातीही जरा फुगते. पण संशोधनाच्या तयारीला लागलेल्या माणसाने असं वाक्य दिसलं की थांबावं. 'पहिलं कोण' हा प्रश्न इतिहासात फार मिरवतो, आणि बरेचदा त्याच्याआड जास्त कामाचा प्रश्न लपलेला असतो.

आधी हकीकत. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली एचएमव्हीकडून त्यांची एक रेकॉर्ड आली. डिस्कोच्या ठेक्यावर भैरव, ललित, मालकंस असे दहा राग, आणि सगळं काही रोलँड कंपनीच्या यंत्रांवर वाजवलेलं: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ ही छोटी चंदेरी पेटी. सिंग पेशाने व्यावसायिक होते, पण हा उद्योग हौसेचाच. त्या वर्षांत सिनेमात डिस्को जोरात होतं, तेव्हा आपण वेगळं काही करून बघू, असं वाटल्याचं त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं.

आता टीबी-३०३ बद्दल थोडं, कारण माझा मूळ विषय विज्ञान आणि हा भाग मला सोडवत नाही. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून हे यंत्र काढलं होतं. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजत नसे. पण त्यात दोन गोष्टी होत्या. एक, १६ घरांची स्वररांग: आधी स्वर भरून ठेवायचे, मग यंत्र तीच रांग फिरवत राहतं. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, म्हणजे मींडेची यांत्रिक चुलत बहीणच म्हणा. १६ घरं म्हटल्यावर तीनताल आठवणारच. दुसरी गोष्ट फिल्टर. फिल्टरमधून बाहेर आलेल्या आवाजाचा काही भाग पुन्हा आत सोडला की ठरावीक कंप्रतेपाशी आवाज टोकदार होतो, चिरकतो. अ‍ॅसिड हाऊसची ओळख ती हीच चिरक. परत आत सोडलेल्या त्या भागाला इलेक्ट्रॉनिक्समध्ये फीडबॅक म्हणतात. शब्द लक्षात ठेवा.

सिंग यांची रेकॉर्ड फारशी चालली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली, आणि तेव्हा कुठे जगाने कान टवकारले. काहींना तर ही थट्टा वाटली, कोणीतरी आत्ता बनवून १९८२ ची तारीख टाकली असेल असं. पण खरी गोम २८ वर्षांच्या त्या शांततेत आहे. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला चुकीचा सूर लागला की संगीतकार तिथल्या तिथे थांबवतो. इथे "ही चिरक आणखी वाढव" किंवा "ठेका कंटाळवाणा होतोय" असं सांगेल असं कोण होतं? नाचायला येणारी गर्दी नाही, हीच यंत्रं घेऊन धडपडणारी दुसरी पोरंही नाहीत. दुसरा प्रयोग झाला नाही.

शिकागोत उलटं घडलं. तिथल्या पिअर, स्पँकी आणि हर्ब या तीन तरुणांच्या हाती टीबी-३०३ सेकंडहँड लागलं. यंत्र बाजारात आपटलं होतं, त्यामुळे स्वस्त. नीट चालवता येईना म्हणून बटणं पिळत बसले आणि ती चिरक सापडली. टेप भरली आणि म्युझिक बॉक्स या क्लबचा डीजे रॉन हार्डी याला नेऊन दिली. त्याने ती एकाच रात्री चारदा लावली असं सांगतात. पहिल्यांदा नाचाची जागा रिकामी झाली. चौथ्यांदा लोक वेडे झाले. लोकांनी त्या बेनाम टेपला आपापसात जे नाव पाडलं, त्यातूनच १९८७ मध्ये निघालेल्या रेकॉर्डचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' हे नाव आलं. मधल्या काळात मार्शल जेफरसन या अनुभवी संगीतकाराने लय थोडी उतरवायला सुचवलं, ते पोरांनी ऐकलं. म्हणजे गर्दीची टीका वेगळी, जाणत्याची वेगळी, आणि दोन्ही रेकॉर्ड निघायच्या आत मिळाल्या.

मला विचाराल तर शिकागोची पोरं सिंग यांच्यापेक्षा हुशार होती असं मुळीच नाही. वादक म्हणून सिंग कितीतरी पुढे. फरक होता तो आवाज परत आत सोडणाऱ्या तारेचा.

आपल्याकडे अशी तार कधीच नव्हती असंही समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर १९७२ पर्यंत काम केलं. एकमेकांचं ऐकायला तिथे माणसं होती. पण टेपा संस्थेच्या कपाटातच राहिल्या. पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि निवडक रचना २०२३ मध्ये लोकांपर्यंत आल्या.

आणि वज्रेश्वरीत, भिवंडी तालुक्यात, जिथे बसून मी हे लिहितोय? इथली तार हळदीच्या मांडवात आहे. आगरी-कोळी हळदीत बेंजो वाजतो. तो मूळचा जपानी, १९१२ साली नागोयात बनलेला ताइशोगोतो, आपल्याकडे बुलबुलतरंग म्हणून रुळला आणि पुढे पिकअप लावून, अ‍ॅम्पला जोडून पार इलेक्ट्रिक झाला. आता त्याच्या जोडीला घरच्या लॅपटॉपवर रिमिक्स करणारी पोरं आली. त्यांचा परीक्षक एकदम रोखठोक. बायका नाचायच्या थांबल्या, की तो तुकडा पडला. मधल्या ब्रेकला पोरं ओरडली, की पुढच्या हळदीत तो ब्रेक लांबतो. म्युझिक बॉक्सपेक्षा हे वेगळं काय?

वेगळं आहे ते एवढंच की याची नोंद कोणी ठेवत नाही. खरं तर हार्डीच्या त्या रात्रीचीही नाही. ती गोष्ट आपल्याला कळते ती तिथे असलेल्यांच्या आठवणींतून, पुष्कळ वर्षांनी सांगितलेल्या. 'चारदा' हा आकडा सगळे सांगतात म्हणून तो स्वतंत्रपणे सिद्ध होत नाही, एकाचं ऐकून दुसऱ्याने सांगितलं असणंही शक्य आहे. रेकॉर्डवर वर्ष छापलेलं असतं. दाद आणि टीका मात्र छापलेली नसते.

मग हळदीच्या संगीताचा इतिहास लिहायचा तर साधन काय? मला सुचतं ते असं: एकाच गाण्याच्या जितक्या आवृत्त्या सापडतील तितक्या गोळा करायच्या आणि कुठला ब्रेक लांबला, लय कुठे चढली, कोणता आवाज गळला हे मोजायचं. करणाऱ्याला विचारायचं, हे का बदललंस, कोण काय बोललं. फाईलच्या तारखेवर विसंबून चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या गाण्याचं बहुतेकदा नावही बदलतं आणि तारीखही, त्यामुळे कोणती आवृत्ती आधीची हे आवाजातूनच ओळखावं लागेल.